डावा काठ

ऐन मे महिन्यात नागपूरला यायचं शालिकरामच्या अगदी जिवावर आलं होतं. मागावर पातळ अर्धं विणून पडलेलं. ऊन असं, की उमरेडहून निघालेली छोट्या लाईनची गाडी इतवारी स्टेशनात पोचेपर्यंत डब्यातल्या बाकाला हात लावता येईना. आणि मामाच्या घरी पाय ठेवल्यापासून पोरीचं एकच टुमणं. कस्तुरचंद पार्कावर प्रदर्शन लागलंय, त्यात चष्म्याचा तंबू आहे, चष्मा लावला की पडद्यावरचं सगळं बाहेर येतं, पार आपल्या अंगावर येतं. शेवटी शालिकराम हो म्हणाला. नाही म्हणायला त्याला तोंडच नव्हतं, कारण या सुट्टीनंतर तो पोरीची शाळा सोडवणार होता.

प्रेमिला सातवी पास झाली होती, वर्गात तिसरी. जूनमध्ये आठवीत जायची. त्याऐवजी ती दिवसभर रहाटावर बसून धोट्यात घालायच्या रेशमाच्या कांड्या भरणार होती. शाळेत द्यायचा अर्जही तयार होता. शालिकरामचं अक्षर त्याचं त्यालाच लागायचं नाही, म्हणून सकाळीच त्यानं तो अनुसयाच्या मोठ्या भावाकडून, मनोहररावांकडून लिहून घेतला. मनोहरराव पोस्टात, त्यांचं अक्षर मोत्यासारखं. 'मुलीच्या आईच्या हातून घरच्या व्यवसायाचे काम नीट होत नसल्याने मुलीची घरी आवश्यकता आहे.' मनोहररावांनी हे वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं, तेव्हा अनुसया तिथंच पोळ्या लाटत होती. तिनं मान वर केली नाही. शालिकरामनं घडी घालून अर्ज सदऱ्याच्या खिशात ठेवला, आणि वर म्हणाला, "बरोबर लिव्हलं भाऊ तुम्ही."

आता हा काही दुष्ट माणूस होता असं नाही. तापट होता. उमरेडच्या कोष्टीपुऱ्यात त्याच्याइतका साफ हात दुसऱ्याचा नव्हता, आणि हे त्यालाही ठाऊक होतं, हीच खरी पंचाईत. करवतकाठी पातळ विणायला तीन धोटे लागतात, एक मधल्या अंगाचा आणि एकेक दोन्ही काठांचा. अंग आणि काठ एकमेकांत गुंततात तिथं करवतीसारखे दात पडतात. ते दात सरळ ओळीत पडले तर पातळ, नाही तर पायपुसणं. वीस वर्षांत शालिकरामचा एक दात चुकला नव्हता. आणि दिवाळीपासून चुकायला लागले. तेही फक्त डाव्या काठाचे. तार तुटलेली तशीच राहायची, बोटभर पुढं विणून झाल्यावर ध्यानात यायचं. तीन पातळं विणायचं काम देणाऱ्या गोपाळरावांनी पेढीवरून परत पाठवली. चौथं तेवढं ठेवून घेतलं, पण असं म्हणाले, "शालिकराम, आता पुढचं असंच आलं, तर मी दुसऱ्या हाताले काम देतो."

शालिकरामनं विचार केला. उजवा काठ साफ, डावा खराब. उजव्या काठाच्या कांड्या प्रेमिला भरायची, शाळेतून आली की. डाव्या काठाच्या अनुसया भरायची. विणणारा एकच, माग एकच. मग फरक कशाचा? कांडीचा. हिशेब इतका सरळ होता, की त्यानं पुन्हा तपासलाच नाही. अनुसयाचा हात बिघडला, ती रेशीम ढिलं-ताठ भरते, म्हणून तार तुटते. हे त्यानं आधी घरात म्हटलं, मग ओट्यावर म्हटलं, मग घरांच्या साऱ्या ओळीत म्हटलं. बाया विहिरीवर अनुसयाला विचारायच्या, काय वं, हाताले काय झालं तुह्या?

एकदाच ती नवऱ्याला म्हणाली होती. "एक डाव कांड्या बदलून पाहा ना. माह्या उजव्या काठाले लावा, पोरीच्या डाव्याले."

"माह्या मागावर मले शिकवते काय?" शालिकराम म्हणाला. त्यानं बदलल्या नाहीत. पाच मिनिटांचं काम होतं.

तर संध्याकाळी पाच वाजता चौघं प्रदर्शनात पोचले. धूळ, भोंगे, पाळण्याचा करकर आवाज, आणि जिथं तिथं रांग. शालिकरामचं डोकं आधीच तापलेलं. त्यात कोणी डावीकडून धक्का मारला की तो गरकन वळायचा नि म्हणायचा, "दिसत नाही का गा?" असे धक्के त्याला रस्ताभर बसले. साऱ्या नागपूरला आज आपल्याच अंगावर यायचं आहे, असं त्याचं मत झालं.

तंबूवर पाटी होती: चष्मा लावा, हत्ती अंगावर घ्या. दारातला माणूस पिवळा बुशशर्ट घालून एका टोपलीतून पुठ्ठ्याचे चष्मे वाटत होता. आत बाकडी, समोर पडदा, आणि असा उकाडा की आपण भट्टीत बसलोय की तंबूत, कळेना. शालिकराम एका टोकाला बसला, त्याच्या डावीकडे प्रेमिला, मग अनुसया, मग मनोहरराव. दिवे गेले. सगळ्यांनी चष्मे लावले.

पडद्यावर एक बाई आली. तिच्या हातात संत्र्यांचं ताट. तिनं ताट पुढं केलं, आणि सारा तंबू "आ" करून मागं रेलला. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं चक्क हात पुढं केला संत्रं घ्यायला. प्रेमिला खिदळायला लागली. "माय, घे ना, घे." आणि अनुसयानं, सहा महिने जिच्या तोंडावर हसू म्हणून दिसलं नव्हतं त्या अनुसयानं, पदरातून हात काढून हवेत संत्रं धरायला पाहिलं नि आपणच लाजून हसली.

शालिकरामला ताटातली संत्री ताटात दिसत होती. ताट पडद्यात होतं. पडदा होता तिथं होता. कॅलेंडरवर असतं तसं चित्र, हलणारं. यात अंगावर येण्यासारखं काय होतं?

मग एक गारुडी आला, त्यानं साप पुढं सोडला. बाया किंचाळल्या. शालिकराम दगडासारखा बसून. त्यानं चष्मा काढला, तर पडद्यावर सगळं दोन-दोन दिसायला लागलं, फिसकटलेलं. लावला की एक नि साफ. पण बाहेर काही येईना. "दे तुहा," त्यानं प्रेमिलाच्या नाकावरचा चष्मा ओढला. तसंच. "तुहा दे वं," अनुसयाचा घेतला. तसंच. तोवर बिचाऱ्या दोघी डोळे चोळत दोन-दोन चित्रं पाहत बसल्या. मागून कोणी ओरडलं, "ओ दादा, बसा ना खाली."

खेळ संपला. माणसं हसत बाहेर पडली, आणि हा थेट पिवळ्या बुशशर्टावर गेला.

"काय लावून राहिले तुम्ही हे? काही येत नाही बाहेर."

"भाईसाब, सबको दिखा," तो म्हणाला.

"सबको दिखा तर मले काहून नाही दिसलं? फुटके चष्मे देता लोकाइले."

"चष्मा नया है, भाईसाब."

"जाऊ द्या ना जवाई," मनोहरराव हळूच म्हणाले. ते पोस्टातले, चारचौघांत आवाज चढला की त्यांच्या कपाळाला घाम फुटायचा. "चला, रस पिऊ."

"काहून जाऊ द्या? मी सांगतो ना, बोगस आहे हे." शालिकरामचा आवाज आणखी चढला. लोक थांबून पाहू लागले. प्रेमिला मातीत अंगठा फिरवत उभी राहिली. इतका वेळ तिचं तोंड कसं फुललं होतं, ते पार उतरलं. अनुसयानं नवऱ्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात काय होतं हे शालिकरामला कळलं. हेच. असंच. ज्याच्या त्याच्या हाताला दोष.

त्यामुळं तर तो आणखीच भडकला.

पिवळा बुशशर्ट पण बेरकी. रोज शंभर जणांशी त्याची गाठ. त्यानं टोपलीतून एक कोरा चष्मा काढला, शालिकरामच्या हातात ठेवला, म्हणाला, "फिर बैठो. फॅमिली को भी बिठाओ. टिकट नहीं लगेगा. मैं खुद आता हूँ देखने."

पुन्हा रांग. पुन्हा उकाडा, पुन्हा ती टोकाची जागा. प्रेमिलाला मात्र पुन्हा हुरूप आला, फुकट दुसऱ्यांदा पाहायला मिळतंय म्हणून. बाई आली, ताट पुढं केलं, तंबू मागं रेलला. शालिकरामनं डोळे ताणले. ताट पडद्यातच. साप पडद्यातच. त्याला असं वाटलं की सगळ्यांनी मिळून आपली चेष्टा चालवलीय, अनुसयासकट. तिडीक मस्तकात गेली. एवढ्यात तो माणूस अंधारातून वाकत आला नि त्याच्या कानाशी म्हणाला, "एक आँख बंद करो."

शालिकरामनं डावा डोळा मिटला. तो डोळा त्याचा आपोआप मिटायचा. सहा वर्षांचा असताना त्याच्या बापानं त्याला तार ओवायला शिकवलं, तेव्हापासूनची सवय: डावा मीट, उजव्यानं पाहा. तुटलेली तार सांधायची तर डावा मीट. काठ सरळ पडला का बघायचं तर डावा मीट. कोष्टीपुऱ्यात सगळे तसंच करायचे.

"दिख रहा है?"

"दिसून राहिलं ना. तेच तर सांगतो, जसंच्या तसं आहे."

"अब दूसरी बंद करो."

आता गंमत पाहा, शालिकरामला उजवा डोळा मिटताच येईना. चाळीस वर्षांत कधी मिटलाच नव्हता. तो मिटायला जावं तर दोन्ही मिटत. दोनदा प्रयत्न केला, मग वैतागून त्यानं चष्म्याआडून उजव्या डोळ्यावर तळहात दाबून धरला.

दिवे गेले. पडदा गेला, माणसं गेली. उरलं काय, तर भाताच्या पेजेसारखं काहीतरी पांढुरकं, त्यात कुठं उजेड, कुठं कमी उजेड.

"लाईट गेली का वं?" त्यानं प्रेमिलाला विचारलं.

"नाही बाबा. हत्ती येऊन राहिला. पाहा ना, सोंड पाहा ना केवढी लांब केली त्यानं." आणि ती किंचाळून त्याच्या दंडाला बिलगली.

शालिकरामनं तळहात काढला. हत्ती होता. पडद्यात, सपाट. तळहात ठेवला. हत्ती गेला. काढला. ठेवला. प्रेमिलाचा हात त्याच्या दंडावर होता, श्वास लागत होता गालाला, आणि तिचं तोंड दिसत नव्हतं.

पिवळा बुशशर्ट समजुतीनं म्हणाला, "होता है भाईसाब. रोज दो-तीन निकलते हैं ऐसे. दोनों आँख चाहिए इसको. डॉक्टर को दिखाओ." आणि तो गेला दुसऱ्या बाकाकडे.

लोक हसत होते. शालिकराम बसून राहिला. त्याला पहिल्यांदा डॉक्टर आठवला नाही, आंधळेपणही आठवलं नाही. त्याला डावा काठ आठवला. मागावर बसलं की डावा काठ डाव्या अंगाला येतो. तुटलेली तार तिथं लोंबत असते. ती त्याला दिसत नव्हती, म्हणून ती तशीच विणली जात होती. सांधायला वाकला की डावा मिटून उजव्यानं पाहायचा, म्हणून सांधलेलं साफ. चुकायचं ते त्याच्या आधीच. कांडीचा काही संबंध नव्हता. कधीच नव्हता. दिवाळी ते मे.

बाहेर आल्यावर मनोहररावांनी विचारलं, "दिसलं का जवाई या टायमाले?"

खरं सांगायचं तर शालिकरामच्या जिभेवर 'बोगस' हाच शब्द आला होता. म्हणून टाकला असता तर विषय तिथंच संपला असता. घरी जाऊन गुपचूप कांड्या बदलल्या असत्या, मान वळवून-वळवून विणलं असतं, कोणाला काय कळणार होतं? पोरगी रहाटावर बसली असती, अनुसयाचा हात जन्मभर बिघडलेलाच राहिला असता. इतकं सोपं होतं ते. तो क्षणभर तसा उभाही राहिला, आणि त्या क्षणाची त्याला पुढं फार लाज वाटली.

"नाही दिसलं," तो म्हणाला. मग म्हणाला, "प्रेमिलाची माय, इकडे ये जरा."

रसवंतीच्या मागं, उसाचा चोथा टाकला होता तिथं ती आली. मागोमाग मनोहरराव आणि प्रेमिला पण आले, आता काय नवीन भांडण म्हणून.

"माहा डावा डोळा गेला," शालिकराम म्हणाला. "आतमध्ये समजलं. काही दिसत नाही त्याच्यानं."

मनोहरराव म्हणाले, "अरे बापरे." प्रेमिला बापाच्या तोंडाकडे पाहायला लागली. अनुसयाला मात्र पुढचं सांगायची गरज पडली नाही. जिनं सहा महिने डाव्या काठाचं ऐकलं, तिला ते तिथल्या तिथं समजलं. पण तिनं त्याला ते सांगायला लावलं.

"डावा काठ तुह्यानं नाही बिघडला," तो म्हणाला. "मले दिसतच नव्हता तो."

अनुसया पुढं आली. साऱ्या जत्रेसमोर, भावासमोर, तिनं नवऱ्याच्या उजव्या डोळ्यावर आपला डावा तळहात ठेवला. दुसरा हात त्याच्या तोंडासमोर धरला, वीतभर अंतरावर. रेशमानं कापलेली बोटं, अंगठ्याला घट्टा पडलेला.

"काय आहे समोर?"

"दिसत नाही."

"हात आहे माहा," ती म्हणाली. "दिवाळीपासून याले नावं ठेवून राहिले तुम्ही."

त्या पेजेसारख्या पांढुरक्यात शालिकराम नुसता उभा राहिला, आणि तिनं तळहात काढला नाही. बराच वेळ काढला नाही. मनोहरराव दुसरीकडे पाहू लागले.

"कांड्या बदलून पाहा म्हटलं होतं मी," ती म्हणाली.

"म्हटलं होतं."

"मंग?"

"चुकलो मी."

तिनं हात काढला. शालिकरामला वाटलं आता ती रडेल, किंवा जाऊ द्या म्हणेल. बायका म्हणतात तसं. ती तसलं काही म्हणाली नाही. तिनं सरळ त्याच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला, अर्ज काढला, उलगडला. वाचता तिला थोडंथोडंच यायचं, पण आपल्यावरची ती ओळ कुठं असेल हे तिला बरोबर सापडलं. बोट ठेवून ती पाहत राहिली.

"दादा, हे तुह्या अक्षरात आहे," ती भावाला म्हणाली. मनोहररावांची मान खाली गेली.

"दे इकडे, फाडून टाकतो," ते म्हणाले.

"फाडतो काहून? मागून कोरा आहे." तिनं कागद प्रेमिलाच्या हातात दिला. "घे. आठवीत गणितं कराले होईन."

प्रेमिलानं कागद घेतला, बापाकडे पाहिलं. शालिकरामनं मान हलवली. पोरीला रडू आलं, आणि ते लपवायला ती चष्म्याच्या तंबूकडे तोंड करून उभी राहिली.

"डॉक्टरले दाखवू उद्या," मनोहरराव म्हणाले. "मोतीबिंदू असन तर निघून जाते."

"उद्या नाही," अनुसया म्हणाली. "उद्या उमरेडले जाऊ. पहिले ओळीत सांगा तुम्ही, ओट्यावर उभं राहून. विहिरीवरच्या बायाइले आयकू जाईन असं. इथं काय, इथं कोण ओळखते आपल्याले?"

"डोळ्याचं समजलं की गोपाळराव काम काढून घेईन," शालिकराम म्हणाला. हे खोटं नव्हतं. विणकराचा डोळा गेला हे सांगायचं म्हणजे आपल्या हातानं आपला माग उलटा करायचा.

"घेईन कदाचित," ती म्हणाली. "माहं नाव तर तुम्ही असंच काढून घेतलं होतं. तवा नाही विचार केला."

तो "सांगतो" म्हणाला. एवढंच म्हणाला, पण म्हणाला.

फाटकाकडे निघाले तेव्हा गर्दी वाढली होती. मनोहरराव नि प्रेमिला पुढं गेले. डावीकडून कोणीतरी शालिकरामला धडकलं, आणि सवयीनं त्याचं तोंड उघडलं, नि तसंच मिटलं. मग अनुसया त्याच्या उजव्या बाजूनं निघून डाव्या बाजूला आली. हात धरला नाही तिनं. नुसती त्या बाजूनं चालायला लागली, धक्के आपल्या अंगावर घेत. ती आहे की गेली हे बघायला शालिकरामला दर चार पावलांनी अख्खी मान वळवावी लागत होती, आणि फाटक येईपर्यंत तो ती वळवत राहिला.